वाचकांचे प्रश्न: इलेक्ट्रोलिसिस करणारीकडे लायसन्स आहे का, हे कुठे आणि कसं बघायचं?

हनुवटीवरच्या आणि ओठावरच्या केसांबद्दल गेल्या अंकात लिहिलं त्यानंतर बरेच मेल आले, आणि बहुतेकींनी एकच विचारलंय, की इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुईने करंट देऊन केसाचं मूळ मारणं, करून घ्यायला मी तयार आहे पण चेहऱ्यात सुई घालणारी बाई शिकलेली आहे की नाही हे मला कसं कळणार. प्रश्न अगदी योग्य आहे, मला तर वाटतं हाच पहिला प्रश्न असायला हवा, पैसे आणि दुखणं नंतर. मी न्यू जर्सीत लायसन्स घेऊन हे काम करते, त्यामुळे अमेरिकेबद्दल जरा जास्त लिहून झालंय, पण पुणे-ठाण्याचे आणि ब्रिटनचे प्रश्नही घेतलेत. कोणाचंही नाव दिलेलं नाही, फक्त गाव दिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. मला पीसीओडी आहे, कॉलेजात असल्यापासून हनुवटीवर आणि गळ्यावर जाड केस येतात. भारतात लेझर केलं, तेवढ्यापुरतं कमी झालं, पण आता गालाच्या कडेला जिथे पूर्वी काहीच नव्हतं तिथेपण यायला लागलेत. इथे एका सलॉनची इलेक्ट्रोलिसिसची जाहिरात बघितली, फोन करून लायसन्स आहे का विचारलं तर त्या म्हणाल्या हो हो आमच्याकडे सगळं लायसन्स्ड आहे आणि लगेच अपॉइंटमेंट कधीची देऊ म्हणून विचारायला लागल्या. आता परत फोन करून तेच विचारायचं म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटतं. काय करू? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: संकोच बिलकुल करू नका. जिच्याकडे लायसन्स असतं तिला हा प्रश्न आवडतो, कारण त्यासाठी तिने शाळेत तास भरलेले असतात, परीक्षा दिलेली असते, दर वेळी रिन्यू करायला पैसे भरलेले असतात. माझ्याकडे कोणी विचारलं तर मी भिंतीकडे बोट दाखवते आणि म्हणते नंबर लिहून घ्या.

आता "सगळं लायसन्स्ड आहे" यात गोम अशी आहे की सलॉनकडे लायसन्स असतंच, पण ते कशाचं? केस कापणं, फेशियल, वॅक्सिंग, नखं याचं लायसन्स वेगळं आणि इलेक्ट्रोलिसिसचं वेगळं. आपल्या न्यू जर्सीत तर इलेक्ट्रोलिसिस हे ब्यूटी पार्लरवाल्या बोर्डाकडे नाहीचे, ते स्टेट बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्सच्या खाली येतं, म्हणजे डॉक्टरांचं जे बोर्ड तेच, आणि त्याच्या खाली इलेक्ट्रॉलॉजिस्ट, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्यांची, अॅडव्हायझरी कमिटी आहे. त्यामुळे कॉस्मेटॉलॉजीचं लायसन्स कितीही खरं असलं तरी त्यावर इलेक्ट्रोलिसिस करता येत नाही. तर परत फोन करा आणि अगदी साधं विचारा, "इलेक्ट्रॉलॉजिस्टचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे, आणि माझं काम तीच व्यक्ती करणार आहे का?" हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण लायसन्स मालकिणीचं आणि सुई हातात असिस्टंटच्या असं होऊ शकतं.

नाव मिळालं की न्यू जर्सी डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर लायसन्स व्हेरिफाय करायची सोय आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. व्यवसायाच्या यादीत इलेक्ट्रॉलॉजी निवडायचं आणि आडनाव टाकायचं. नाव सापडलं म्हणून लगेच बंद करू नका, स्टेटस बघा. अॅक्टिव्ह आहे की एक्स्पायर झालंय, कधीपर्यंत आहे, आणि बोर्डाने काही कारवाई केली असेल तर त्याचा उल्लेख आहे का. नाव नाही सापडलं तर लगेच खोटं आहे असंही धरू नका, लग्नाआधीच्या नावाने किंवा थोड्या वेगळ्या स्पेलिंगने असू शकतं, सरळ लायसन्स नंबर मागा आणि नंबराने शोधा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर मात्र माझ्या मते तिथे जायचं नाही, मग सलॉन कितीही छान असो आणि पॅकेज कितीही स्वस्त असो.

लेझरबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. लेझरनंतर आसपासच्या भागात उलट जास्त केस येणं हे डॉक्टरांना माहिती असलेलं आहे, आणि ते जास्त करून चेहऱ्यावर, गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या आणि हॉर्मोन्सचा त्रास असलेल्या बायकांमध्ये दिसतं. तुमच्यात या तिन्ही गोष्टी आहेत. लेझर केसातल्या काळ्या रंगाला धरून काम करतं, म्हणून पांढऱ्या किंवा सोनेरी केसांवर त्याचा उपयोग होत नाही आणि बारीक लवेवर भरवसा नाही. इलेक्ट्रोलिसिसला रंगाशी देणंघेणं नाही, सुई केसाच्या शेजारून मुळापर्यंत जाते आणि करंटने ते मूळच मारलं जातं. म्हणून अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, लेझरला "कायमची घट" एवढंच म्हणू देते आणि इलेक्ट्रोलिसिसला "कायमचे काढणे" म्हणते. पद्धत काही नवीन नाही, १८७५ साली सेंट लुइसमध्ये चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीचे आत वळलेले, डोळ्याला टोचणारे केस काढायला ती वापरली होती, तिथून सुरुवात झाली.

पण लायसन्स बघून झालं की काम संपलं असं समजू नका. लायसन्स म्हणजे ती बाई शिकली आहे आणि चुकली तर तक्रार ऐकणारं कोणीतरी वर बसलंय, एवढीच खात्री. हात कसा आहे ते पहिल्या पंधरा मिनिटांत तुमचं तुम्हाला कळेल. केस उपटल्यासारखा वाटता कामा नये. सुई नीट गेली आणि करंट पुरेसा बसला तर केस चिमट्याने अलगद, काही न ओढता बाहेर येतो. टोचल्याची किंवा चटक्याची जाणीव होते, ते ठीक आहे, पण प्रत्येक केस खेचून निघतोय असं वाटलं तर तुम्ही पैसे देऊन प्लकिंग करून घेताय. आणि आपल्या त्वचेवर डाग पटकन पडतात हे तिला माहिती आहे का, सावळ्या त्वचेवर काम केलंय का, हे विचारा. पहिल्या वेळी कोपऱ्यातले थोडेच केस करून घ्या, दोन-तीन आठवडे त्वचा कशी राहते बघा आणि मग पुढचं ठरवा.

पीसीओडीचे डॉक्टर मात्र सोडू नका. आत हॉर्मोन्स तसेच असतील तर मेलेलं मूळ परत उगवणार नाही पण शेजारची लव जाड होत राहील, आणि मग बिचाऱ्या इलेक्ट्रोलिसिसला दोष जातो.

प्रश्न: मी जर्सी सिटीत राहते, ऑफिस मॅनहॅटनला. लंच ब्रेकमध्ये ऑफिसजवळच करून घ्यावं म्हणते. न्यूयॉर्कचं लायसन्स कुठे चेक करायचं, मला साइटच सापडत नाहीये. (जर्सी सिटी)

उत्तर: सापडणार नाही कारण न्यूयॉर्क राज्य इलेक्ट्रॉलॉजिस्टला वेगळं लायसन्स देतच नाही. हडसन नदीच्या या काठाला न्यू जर्सीत मेडिकल बोर्डाचं लायसन्स आणि त्या काठाला न्यूयॉर्कमध्ये काहीच नाही, अशी परिस्थिती आहे. अमेरिकेत हे सगळं प्रत्येक राज्यावर सोडलेलं आहे म्हणून असं होतं. टेक्ससमध्ये तर लेझर हेअर रिमूव्हलला राज्याचं लायसन्स लागतं पण इलेक्ट्रोलिसिसला लागत नाही. फ्लोरिडात हेल्थ डिपार्टमेंटमध्ये बोर्ड ऑफ मेडिसिनखाली इलेक्ट्रोलिसिस काउन्सिल आहे, इलिनॉयमध्ये इलेक्ट्रॉलॉजिस्टसाठी स्वतंत्र कायदाच आहे. शिकागोची मैत्रीण जे सांगते ते ह्यूस्टनला लागू होईलच असं नाही.

याचा अर्थ मॅनहॅटनमध्ये चांगल्या इलेक्ट्रॉलॉजिस्ट नाहीत असा अजिबात नाही, खूप अनुभवी लोक आहेत तिथे. फक्त राज्याने तपासलेलं नाही म्हणून तुम्हाला जास्त विचारावं लागेल. सीपीई आहे का विचारा, म्हणजे सर्टिफाइड प्रोफेशनल इलेक्ट्रॉलॉजिस्ट, अमेरिकन इलेक्ट्रॉलॉजी असोसिएशनशी जोडलेलं सर्टिफिकेशन आहे, परीक्षा असते आणि टिकवायला पुढे शिकत राहावं लागतं. दुसरं सीसीई, ते सोसायटी फॉर क्लिनिकल अँड मेडिकल हेअर रिमूव्हलचं. दोन्ही ऐच्छिक आहेत, कोणी सक्ती केलेली नसते, म्हणूनच न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी ज्यांनी ते केलंय त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. या संस्थांच्या साइटवर पिन कोडने शोधता येतं. अजून एक, काही जणी शेजारच्या राज्याचं लायसन्सही ठेवतात, ते असेल तर तुम्ही त्या राज्याच्या साइटवर बघू शकता.

आणि लंच ब्रेकमध्ये नका करू. नंतर काही तास तो भाग लाल आणि थोडा सुजलेला असतो, त्यावर मेकअप लावायचा नसतो, आणि तुम्हाला लगेच मीटिंगला बसायचं असेल. शुक्रवार संध्याकाळ धरा.

प्रश्न: पुण्यात एका पार्लरमध्ये ओठावरचे केस इलेक्ट्रोलिसिसने काढून घेतले. भिंतीवर फ्रेम केलेली दोन-तीन सर्टिफिकेट्स होती, एक सरकारी लायसन्सपण होतं, म्हणून विश्वास ठेवला. चार दिवसांनी खपल्या धरल्या आणि आता त्या जागी काळे ठिपके आहेत, दोन ठिकाणी खड्डा पडल्यासारखं झालंय. परत गेले तर म्हणाल्या तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे. भारतात याचं लायसन्स कोण देतं? तक्रार कुठे करायची? (पुणे)

उत्तर: तुमचा मेल वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला. तुमच्या त्वचेचा दोष नाही हे आधी सांगते. बारीक खपली धरणं नेहमीचं असू शकतं, पण खड्डा पडणं म्हणजे बहुतेक करंट जास्त झाला, किंवा सुई उथळ बसून वरच्या त्वचेत करंट सोडला गेला, किंवा अगदी शेजारशेजारचे केस एकाच वेळी काढले. त्वचा नाजूक आहे तर आधी थोड्या जागेवर करून बघणं हे करणारीचं काम होतं.

भारतात इलेक्ट्रॉलॉजिस्ट असं लायसन्स नाही. केंद्राचं नाही, महाराष्ट्राचं नाही. भिंतीवर जे सरकारी लायसन्स तुम्ही पाहिलं ते बहुतेक शॉप अॅक्टचं असणार, मुंबईत ज्याला लोक गुमास्ता म्हणतात ते. त्यात एवढंच असतं की या पत्त्यावर अमुक नावाचा धंदा चालू आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात तर थोडीच माणसं कामाला असली तर नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं. किराणा दुकान, मोबाइल रिपेअर आणि पार्लर या सगळ्यांकडे तोच कागद. सुई कशी धरायची हे त्या कागदाने कोणी तपासलेलं नसतं.

बाकीची सर्टिफिकेट्स म्हणाल तर त्यातही फरक आहे. सिडेस्कोचा डिप्लोमा असेल तर चांगलं आहे, ती १९४६ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे, मुख्य ऑफिस झ्युरिकला, आणि परीक्षा कडक असते. पण सिडेस्को म्हणजे एकंदर ब्यूटी थेरपीचं शिक्षण, त्यात त्या बाईने इलेक्ट्रोलिसिस किती केलं हे वेगळं विचारावं लागतं. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स, स्किल काउन्सिलचे कोर्स, हेही शिक्षण आहे, लायसन्स नाही. आणि मशीन विकणाऱ्या कंपनीने दोन दिवस ट्रेनिंग देऊन दिलेलं सर्टिफिकेट फ्रेम केलं की लांबून तेवढंच भारी दिसतं. म्हणून फ्रेम बघून थांबू नका, उठून जवळ जा आणि वाचा, कोणी दिलंय, कोणत्या साली, कशाचं.

आपल्याकडे खरं तपासता येतं ते एकच, डॉक्टर. स्किनचे डॉक्टर इलेक्ट्रोलिसिस करत असतील किंवा त्यांच्या देखरेखीखाली होत असेल तर त्यांचा महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो काउन्सिलच्या साइटवर शोधता येतो. नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का बघा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "स्किन एक्स्पर्ट", "एस्थेटिशियन" या पाट्यांवरून ती व्यक्ती डॉक्टर आहे की नाही हे कळत नाही. डॉक्टर स्वतः केस काढत बसतील असं नाही, बहुतेक ठिकाणी ट्रेंड मुलगी करते आणि त्याला माझा आक्षेप नाही, कारण या कामात हाताची सवय फार लागते, पण मग जबाबदार कोण आहे हे तरी माहिती असतं.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं, डर्मटॉलॉजिस्टला दाखवा आणि काय झालंय ते लेखी घ्या. काळे ठिपके हे बरेचदा महिन्याभरात ते वर्षभरात फिके होतात, उन्हात सनस्क्रीन लावायचं, खपली नखाने काढायची नाही, लिंबू-बेसन वगैरे काहीही घासायचं नाही. खड्ड्यांचं डॉक्टर सांगतील. दुसरं, फोटो काढून ठेवा, बिल आणि पेमेंटचा मेसेज जपून ठेवा. बिल दिलं नसेल तर आता व्हॉट्सअॅपवर मागा, त्याने त्या तारखेचा पुरावा तयार होतो. तिसरं, पार्लरला लेखी तक्रार द्या आणि ऐकलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली सेवा येते आणि जिल्हा आयोगाकडे ऑनलाइनही तक्रार करता येते, वकील असलाच पाहिजे अशी अट नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. वेळ लागेल हे खरंय, पण लेखी काही मागे राहिलं तर पुढच्या बाईला उपयोग होतो.

आणि सुयांचं. त्या दिवशी सुई तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढली होती का? काढली नसेल तर तुमच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा आणि हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करायची का ते विचारा. घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये, पण सुई केसाच्या मुळापर्यंत जाते, तिथे रक्ताचा अंश लागू शकतो, आणि एकीची सुई दुसरीला वापरली तर हे आजार त्यातून जाऊ शकतात. स्पिरिटने पुसलेली सुई म्हणजे निर्जंतुक नव्हे. सील केलेली, एकदाच वापरायची, तारीख असलेली सुई तुमच्या डोळ्यांसमोर उघडायची आणि काम झाल्यावर सुयांच्या जाड डब्यात टाकायची, कचऱ्याच्या टोपलीत नाही. चिमटा मात्र परत वापरतात, तो ऑटोक्लेव्ह केलेला आहे का विचारा, ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाखाली १२१ डिग्रीला निर्जंतुक करणारं मशीन. जिथे लायसन्स तपासणारं कोणी नाही तिथे हे सगळं आपल्यालाच तपासावं लागतं, आणि मला ते अजिबात बरोबर वाटत नाही. टॅटू काय, इलेक्ट्रोलिसिस काय, त्वचेत सुई घालणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी महानगरपालिकेने तरी ठेवावी, एवढं तरी व्हायला हवं.

प्रश्न: मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आहे, ईएडी, म्हणजे इथे काम करायचं परवानगीपत्र, आलंय. भारतात पार्लर चालवत होते, डिप्लोमा आहे. इथे बे एरियात इलेक्ट्रॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर किती शिकावं लागेल? माझा भारतातला अनुभव धरतील का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर: छान विचार आहे, आणि ईएडी हातात असेल तर करून टाका. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोचं बोर्ड ऑफ बार्बरिंग अँड कॉस्मेटॉलॉजी हे लायसन्स देतं. वय किमान १७, दहावीपर्यंतचं शिक्षण, आणि बोर्डाने मान्य केलेल्या शाळेत इलेक्ट्रॉलॉजीचे ६०० तास, मग परीक्षा. पूर्ण वेळ गेलात तर काही महिन्यांत होतं, मुलं लहान असतील तर जास्त धरा. फ्लोरिडात हेच ३२० तासांत होतं, म्हणून कोणी तिथलं ऐकून सांगितलं तर गोंधळू नका.

भारतातला डिप्लोमा आणि मार्कशीटवर लिहिलेले तास बोर्डाला दाखवता येतात, इंग्रजी भाषांतर आणि मूल्यमापन करून. पण त्यात इलेक्ट्रोलिसिसचे तास वेगळे दिसले पाहिजेत, फेशियल-वॅक्सिंगचे तास इलेक्ट्रॉलॉजीत धरले जात नाहीत. म्हणून तुमच्या इन्स्टिट्यूटकडून विषयवार तासांचं पत्र आत्ताच मागवून घ्या, नंतर ते लोक सापडत नाहीत. हाताची सवय कोणी काढून घेणार नाही, ती शाळेत पहिल्याच आठवड्यात दिसते.

शाळा निवडताना फीच्या आधी एक बघा, की खऱ्या माणसांवर प्रॅक्टिस किती मिळते. वहीवर तास भरतात आणि मशीनसमोर बसायला मिळत नाही अशी तक्रार मी ऐकलेली आहे. तिन्ही पद्धती शिकवतात का विचारा. गॅल्व्हॅनिकमध्ये थेट करंटने केसाच्या पिशवीतल्या मीठ-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते मूळ जाळतं, हळू आहे पण वाकड्या मुळांना फार चांगलं. थर्मोलिसिसमध्ये हाय फ्रिक्वेन्सीने उष्णता तयार होते, पटापट होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र, ते १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातच आर्थर हिंकेल आणि हेन्री सेंट पिएर यांनी पुढे आणलं. आपल्या बायकांच्या हनुवटीवर वर्षानुवर्षं थ्रेडिंग आणि प्लकिंग करून मुळं वाकडी झालेली असतात, तिथे ब्लेंड येणारी बाई लागते.

स्वतःचं दुकान काढायचं असेल तर तुमचं लायसन्स वेगळं आणि जागेचं लायसन्स वेगळं, दोन्ही लागतात. आणि इलेक्ट्रॉलॉजिस्टच्या लायसन्सवर कॅलिफोर्नियात लेझर करता येत नाही, ते डॉक्टर किंवा त्यांच्या देखरेखीखाली नर्स वगैरे करतात. कोणी पार्टनरशिपमध्ये "लेझरपण कर" म्हणालं तर सरळ नाही म्हणा, लायसन्स जाईल.

प्रश्न: मुलगी कार्डिफला शिकायला गेलीये, तिला तिथेच करून घ्यायचंय. ब्रिटनमध्ये काय बघायचं? (कोल्हापूर)

उत्तर: वेल्समध्ये आहे म्हणजे तिचं सोपं आहे. २९ नोव्हेंबर २०२४ पासून वेल्समध्ये टॅटू, पिअर्सिंग, अॅक्युपंक्चर आणि इलेक्ट्रोलिसिस या चार गोष्टींना लायसन्स सक्तीचं झालंय. करणाऱ्याला लायसन्स लागतं आणि जागेला वेगळी मान्यता लागते, आणि इन्फेक्शन कसं टाळायचं याचा कोर्स पास झालेला असावा लागतो. इंग्लंडमध्ये असती तर बऱ्याच ठिकाणी नुसती स्थानिक काउन्सिलकडे नोंदणी असते, १९८२ च्या कायद्याखाली, ती मुख्यतः स्वच्छतेची, आणि लंडनमध्ये बरेच बरो, म्हणजे तिथल्या विभागांच्या पालिका, स्पेशल ट्रीटमेंटचं लायसन्स देतात. हात कसा आहे हे यातलं काहीच सांगत नाही, म्हणून तिला ब्रिटिश इन्स्टिट्यूट अँड असोसिएशन ऑफ इलेक्ट्रोलिसिसच्या मेंबरांच्या यादीतून कार्डिफच्या आसपास कोण आहे ते बघायला सांगा.

अजून एक तिला सांगा, दोन सेशनच्या मध्ये थ्रेडिंग, वॅक्स, प्लकिंग पूर्ण बंद. केस मुळात असला तरच सुईला काम करता येतं. फार अवघड वाटलं तर कात्रीने छोटे करायचे. आणि "सुई नसलेलं इलेक्ट्रोलिसिस" म्हणून चिमट्याची किंवा पॅचची मशीन ऑनलाइन विकतात ती अजिबात घेऊ नको म्हणावं, केसातून करंट मुळापर्यंत जात नाही, पैसे वाया जातात.

प्रश्न: मी ट्रान्स वुमन आहे, ठाण्याला राहते. चेहऱ्यासाठी आणि पुढे सर्जरीआधी खालच्या भागासाठी इलेक्ट्रोलिसिस लागेल असं सांगितलंय. दोन ठिकाणी फोन केला, एकीने ऐकूनच फोन ठेवला. मी लायसन्स बघू की जी कोणी हो म्हणेल तिच्याकडे जाऊ? (ठाणे)

उत्तर: जी कोणी हो म्हणेल तिच्याकडे नाही. तुम्हाला दारं कमी उघडतात म्हणून कमी चांगलं पदरात घ्यावं असं मुळीच नाही. ज्यांनी फोन ठेवला त्यांचं वागणं चुकीचं आहे, २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात आरोग्य सेवेत भेदभाव करायला बंदी आहे.

भारतात लायसन्स नाही हे वर लिहिलंच आहे, त्यामुळे तुमच्यासाठी मी डर्मटॉलॉजिस्टच्या क्लिनिकपासून सुरुवात करायला सांगेन. तुमच्या एन्डोक्रायनॉलॉजिस्टला (हॉर्मोन्सचे डॉक्टर) किंवा सर्जनला विचारा की त्यांचे पेशंट कुठे जातात, ही नावं जाहिरातीत नसतात, डॉक्टरांकडे आणि तुमच्या कम्युनिटीतल्या मैत्रिणींकडे असतात. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की मी ट्रान्स वुमन आहे आणि मला अमुक भागाचं काम हवंय, म्हणजे तिथे जाऊन अपमान व्हायची वेळ येणार नाही. मग सुई, चिमटा, आधी थोड्या जागेवर टेस्ट पॅच, हे सगळं वर लिहिल्याप्रमाणे.

चेहऱ्यावर दाढीचे केस जाड आणि खोल असतात, वर्ष-दीड वर्ष किंवा जास्तच लागतं, कारण सगळे केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, आज दिसत नाहीत ते दोन महिन्यांनी येतात. दाट काळ्या दाढीला आधी काही लेझर सेशन्स करून उरलेले, पांढरे आणि बारीक केस इलेक्ट्रोलिसिसने, असंही बरेच जण करतात, पैसे वाचतात. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, केलॉइड, म्हणजे जखमेचे व्रण फुगून वाढणं, होत असतील तर आधी सांगायचं.

खालच्या भागासाठी मात्र सर्जनला भेटल्याशिवाय एक केसही काढू नका. कोणती सर्जरी, कोणत्या पद्धतीने, यावर कुठली त्वचा शरीराच्या आत वळवली जाणार ते ठरतं, आणि तेवढ्याच जागेचे केस कायमचे जायला हवेत. सर्जनकडून आकृती काढून लेखी घ्या, कागदावर खुणा करून, आणि तोच कागद इलेक्ट्रोलिसिस करणारीला द्या. शेवटच्या सेशननंतर काही महिने थांबून केस परत येतायत का बघतात, म्हणून सर्जरीची तारीख आधी घेऊन मग हे काम उरकायला जाऊ नका. चांगली कोणी सापडली, तुमच्याशी नीट वागली, तर मला नक्की कळवा, तिची परवानगी असेल तर दुसऱ्या वाचकांनी विचारल्यावर मी तिचं नाव पुढे देईन.